स्वयंपाकघरातलं विज्ञान, गच्चीवरचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी आठ-दहा मुलं जमतात आणि घरातून आणलेल्या वस्तूंवर काहीतरी उद्योग चालतो. मागून पालकांचे मेसेज येतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. दरवेळी तुकड्यातुकड्याने उत्तरं देण्यापेक्षा एकदाच बसून लिहून काढली आहेत.

मला स्वतःला विज्ञान फारसं येत नाही. मग मी मुलांकडून काय करून घेणार?

उलट तुमचं बरंच सोपं आहे. ज्यांना उत्तर माहीत असतं त्यांना ते सांगून टाकायची घाई होते (मलाही होते, जीभ चावून गप्प बसावं लागतं). तुम्ही फक्त तीन गोष्टी बघा. करण्याआधी मुलाने अंदाज सांगावा, तो वहीत लिहावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन वाट्यांत दही लावायचं असेल तर दूध तेच, विरजण तेवढंच, वाट्या सारख्या. एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावर, एक कोमट पाण्याच्या पातेल्यात. दर तासाला वाटी हळूच कलती करून बघायची आणि लिहायचं. यात तुम्हाला काही ‘शिकवावं’ लागत नाही.

कितव्या वर्षापासून सुरू करावं?

चार-पाच वर्षांच्या मुलांना डाळी निवडून वेगळ्या करणं, बादलीत काय तरंगतं काय बुडतं ते बघणं आणि मटकीला मोड आणणं पुरतं. मोजणं, तक्ता करणं हे साधारण तिसरी-चौथीपासून जमतं. पण आमच्याकडे दुसरीतला एक मुलगा पट्टीने वाचायला सगळ्यांपेक्षा चोख आहे, तेव्हा वयाचं फार मनावर घेऊ नका.

तयार किट विकत आणावं का?

आधी नको. किटमध्ये सगळं मापात कापून दिलेलं असतं, त्यामुळे चुकायला जागाच उरत नाही आणि दोन दिवसांत डबा माळ्यावर जातो. विकत घ्यायच्याच असतील तर एक स्टीलची पट्टी आणि शिंप्याची टेप घ्या. औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण फेकू नका, ते तुमचं मोजपात्र. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे हँगरला दोन वाट्या टांगून केलेल्या तराजूला त्याच टोपणातून वजनंही मिळतात. नाणी वजनं म्हणून वापरू नका, एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळ्या वजनाची निघतात.

सुरुवात कशाने करू?

हळदीने. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर फासा, वाळू द्या, पट्ट्या कापा. एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब, दुसरीवर खायच्या सोड्याचा, तिसरीवर लिंबाचा. पहिल्या दोन लालसर होतील. लाल झालेल्या जागी लिंबू पिळलं की रंग पुन्हा पिवळा.

गंमत अशी की हा प्रयोग प्रत्येक घरात होऊन गेलेला असतो, फक्त तेव्हा त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही. आमटी सांडलेला पांढरा शर्ट साबण लावला की एकदम लाल होतो आणि धुणारा घाबरतो. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची आणि लिंबाची क्रिया करूनच करतात. मुलांना हे आधी सांगू नका. गच्चीवर एकीने स्वतःहून विचारलं, “मावशी, म्हणजे माझ्या शर्टावर आई ओरडली तेव्हा हेच झालं होतं का?” शर्टावरचा डाग उन्हात फिका का पडतो, हा तिचा पुढचा प्रश्न होता. मग दोन पट्ट्या केल्या, एक उन्हात, एक कपाटात. हळदीचा रंग उजेडाने उडतो हे तिला संध्याकाळी दिसलंच.

पण हळदीच्या पट्टीवर लिंबू आणि साधं पाणी सारखंच दिसतं. आमचं काही चुकलं का?

नाही. हळद फक्त अल्कलीची, म्हणजे साबण-सोड्यासारख्या पदार्थांची, चुगली करते. आम्ल आलं तरी ती पिवळीच राहते, म्हणून लिंबू आणि पाणी तिला सारखंच. त्यासाठी लाल जास्वंद घ्या. चार-पाच फुलांच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून दहा मिनिटांनी गाळा. या पाण्यात लिंबू पिळलं की गडद गुलाबी, सोडा टाकला की हिरवट. गोकर्णाची निळी फुलंही चालतात. मग चिंचेचा कोळ, ताक, शाम्पू, मिठाचं पाणी, जे हाताला लागेल ते तपासा. मिठाच्या पाण्यात रंग बदलला नाही म्हणून मुलं हिरमुसतात, पण ते उत्तरसुद्धा वहीत लिहायचं.

ज्वालामुखी कधी करायचा?

प्रत्येक वाढदिवसाला सोडा आणि व्हिनेगरचा फेस बघून मला त्याचा थोडा कंटाळा आला आहे. फेस येतो, टाळ्या पडतात, संपलं. तेच सामान जरा वेगळ्या तऱ्हेने वापरा.

चार सारख्या बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत एका लिंबाचा रस ओता. शक्यतो औषधाच्या टोपणाने मोजून, कारण एक लिंबू दुसऱ्यासारखं नसतं. चार फुग्यांत अनुक्रमे पाव, अर्धा, एक आणि दोन चमचे सोडा भरा. फुगे बाटल्यांच्या तोंडावर चढवून सोडा आत पाडा. फुगे फुगले की दोऱ्याने प्रत्येकाचा घेर मोजा. सगळ्या मुलांचा अंदाज असतो की सोडा दुप्पट म्हणजे फुगा मोठा. सुरुवातीला तसंच होतं आणि मग एका टप्प्यानंतर फुगा मोठा व्हायचंच थांबतं. बाटलीच्या तळाशी सोडा तसाच पडलेला असतो. लिंबू संपलेलं असतं! इथे टाळ्या पडत नाहीत, पण पोरं गप्प होतात आणि कुणीतरी म्हणतं, “आता अजून लिंबू टाकू या.” मला रविवारी सकाळी एवढंच हवं असतं.

प्रयोग फसला तर मुलांचा उत्साह जातो. काय करावं?

फसू द्या आणि फसण्याचं कारण शोधायला लावा. आमची कापराची होडी हे त्याचं उदाहरण. जाड कागदाची बोटभर होडी कापायची, मागच्या बाजूला खाच करायची, खाचेत पूजेच्या कापराचा बारीक तुकडा अडकवायचा आणि ताटातल्या पाण्यावर सोडायची. होडी आपोआप पळते. नुसता कापराचा चुरा टाकला तरी कण पाण्यावर गरगर फिरतात. कापूर ज्या बाजूला पाण्यात मिसळतो तिथला पाण्याचा पृष्ठताण (वरच्या थरातली ओढ) कमी होतो आणि दुसऱ्या बाजूचं पाणी होडीला आपल्याकडे ओढतं.

मी घरी तीनदा करून बघितला होता. गच्चीवर ताट मांडलं, पंधरा डोळे माझ्याकडे (एकाचा डोळा आला होता), आणि होडी ढिम्म. कापूर बदलला, होडी बदलली, तरी ढिम्म. शेवटी एका मुलाने ताटावर बोट फिरवून ते नाकाशी नेलं आणि म्हणाला, “याच्यात भजी ठेवली होती.” खरंच, आदल्या रात्री ठेवली होती. तेलाचा अगदी पातळ थर पाण्यावर पसरला की पृष्ठताण आधीच उतरलेला असतो, मग कापराला ओढाताण करायला काही उरत नाही. ताट साबणाने घासलं, तरी होडी जेमतेम हलली. साबण नीट निघाला नव्हता आणि साबणही तेच करतो. चार पाण्यांनी विसळल्यावर होडी सुटली. त्या दिवशी ठरल्याप्रमाणे होडी पळाली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

कापूर मात्र मोजून काढून द्या आणि उरलेला लगेच उचला. पोटात गेला तर तो लहान मुलांना विषारी ठरतो.

विज्ञान कळलं. यात गणित कुठे आहे?

बांगड्यांत आहे. कासाराकडे माप सांगताना आपण ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’, ‘दोन-आठ’ म्हणतो आणि डब्यावर ते २.४, २.६, २.८ असं छापलेलं असतं. एकदा माझ्या भाचीने विचारलं, “२.१० ही २.८ पेक्षा लहान हवी ना? मग मोठी कशी?” शाळेत नुकतेच दशांश अपूर्णांक झाले होते आणि तिचं बरोबर होतं. घोळ त्या टिंबाचा. ते दशांशचिन्ह नव्हेच. बांगडीच्या आतल्या व्यासाचं ते माप आहे, दोन इंच आणि वर इंचाचे सोळावे भाग. रुपयाचे सोळा आणे असत तसंच. म्हणजे दोन-चार म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश, सरळ सांगायचं तर सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-बारा म्हणजे पावणेतीन. दोन-सहा बरोबर सव्वादोन आणि अडीचच्या मधोमध. घरातल्या सगळ्या बांगड्या काढून पट्टीने ताडून बघा, दोन-सहाचा आतला व्यास सहा सेंटिमीटरच्या किंचित वर भरेल.

तिथून π (पाय), म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, याच्याकडे जाता येतं. बांगडीच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि कागदावर ती सरळ रेषेत एक पूर्ण फेरी गडगडवा. ठिपका ते ठिपका हा तिचा परीघ. व्यास मोजायला बांगडी दोन वह्यांच्या मधे उभी धरा आणि वह्यांमधलं अंतर मोजा. ही युक्ती महत्त्वाची आहे, कारण गडगडते ती बांगडीची बाहेरची कड. आतला व्यास घेऊन भागाकार केला की उत्तर हमखास मोठं येतं. मग स्टीलचा डबा, वाटी, ताट, बरणीचं झाकण, सगळ्यांचा परीघ भागिले व्यास काढून एकाखाली एक लिहा. ३.०५, ३.२, ३.१२ असे आकडे येतील. कुणाचं बरोबर यावर भांडण होईल, होऊ द्या. सगळ्यांची सरासरी काढा आणि मग कंपासपेटीतला ३.१४ दाखवा.

रांगोळीचा काही उपयोग होतो का?

ठिपक्यांच्या रांगोळीचा भरपूर. पाच, चार, तीन, दोन, एक असे ठिपके मांडले की एकूण किती? न मोजता सांगायचं. पाच ते एकचा तोच त्रिकोण उलटा करून शेजारी ठेवला की पाच गुणिले सहाची चौकट होते, तिचे निम्मे पंधरा.

मोठ्यांसाठी एक खास गोष्ट. चौकोनी ठिपक्यांच्या कागदावर ठिपके जोडून कुठलीही बंद आकृती काढा, रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. आतले ठिपके मोजा, त्यात कडेवरच्या ठिपक्यांचे निम्मे मिळवा, एक वजा करा. आकृतीचं क्षेत्रफळ तयार. चार बाय तीनचा काटकोन त्रिकोण घ्या. आत तीन ठिपके, कडेवर आठ. तीन अधिक चार वजा एक, सहा. सूत्राने काढलं तरी सहाच. गेओर्ग पिक नावाच्या गणितज्ञाने हे १८९९ मध्ये मांडलं. वाकड्यातिकड्या आकृतीलाही ते लागू पडतं, आणि मुलं मुद्दाम भयंकर आकृत्या काढून ते मोडता येतं का बघतात.

अपूर्णांक डोक्यात शिरत नाहीत. काही घरगुती उपाय?

पोळीची घडी, वाटी आणि आजी. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे पाढेच पाठ असत. पाठांतर राहू द्या, पण ‘पाऊण वाटीच्या पाचपट किती’ हे तांदूळ ओतून बघायला लावा. पावणेचार वाट्या भरल्या की पाऊणकी कळली.

घड्याळ आणि दोरा एवढ्यावर काय करता येईल?

दोऱ्याला कुलूप बांधून लंबक करा. गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर. थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि दहा झोक्यांना किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. जाऊन परत आला की एक झोका. साधारण १० सेकंद यायला हवेत.

नऊ आले तर बहुधा लंबकाचा दोष नाही. सोडतानाच मुलं “एक!” ओरडतात. सोडताना “शून्य” म्हणायचं, हे सांगून नाही तर दोनदा नऊ आल्यावरच पटतं. आता कुलपाऐवजी लिंबू लावा, लांबी तीच. वेळ तोच येतो, आणि यावर विश्वास बसायला तीन-चार वेळा करावं लागतं. मग विचारा, वेळ दुप्पट करायला दोरा किती हवा? सगळे म्हणतात ५० सेंटिमीटर. करून बघितलं की १४ सेकंद येतात. एक मीटरला २० येतात. लांबी चौपट तेव्हा वेळ दुप्पट.

आम्ही बरोबर बाराला सावली मोजली, पण ती सर्वांत लहान नव्हती. असं का?

कारण तुमचं घड्याळ मिर्झापूरच्या बाजूचं आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, आणि तो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. सूर्याला एक अंश पश्चिमेला सरकायला चार मिनिटं लागतात. पुणे ७३.९ अंशांवर, म्हणजे साडेआठ अंशांहून थोडं अधिक मागे. पुण्याची खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास, मुंबईची ३८च्या, नागपूरची मात्र १४लाच. त्यात ऋतूप्रमाणे पाव तास इकडेतिकडे होतो.

करायचं असं. वाळू भरलेल्या कुंडीत काठी ओळंब्याने सरळ उभी करा. पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण आणि वेळ लिहा. सर्वांत आखूड सावली ज्या वेळी पडते तिच्यावरून तुमचं रेखांश काढता येतं. टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या विसरू नका.

महाराष्ट्र आणि गोवा सगळेच कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईत मे महिन्याच्या मध्याला, गोव्यात त्याआधी, धुळे-नंदुरबारकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवशी खऱ्या मध्यान्हीला जमिनीवर उलटा ठेवलेला ग्लास सावलीच टाकत नाही. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टात येतो, पण तेव्हा ढग असतात.

कोल्हापुरात मामा आणि धुळ्यात आत्या असेल तर आणखी मजा. दोन्ही गावं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत आणि सरळ अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. डिसेंबरात एकाच दिवशी दोन्हीकडे सर्वांत आखूड सावलीवरून सूर्याचा कोन काढला तर फरक ४.२ अंश यायला हवा. ३६० भागिले ४.२, गुणिले ४६५, की पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या जवळ. कोन एका अंशाने चुकला तर उत्तर ३२ हजार नाही तर ५२ हजार येतं, म्हणून लांब काठी घ्या.

सूर्य घरबसल्या मोजता येतो म्हणे?

येतो, पण सूर्याकडे न बघता. आरशाच्या तुकड्यावर मिरीएवढं भोक पाडलेला काळा कागद चिकटवा. खिडकीतून उन्हाचा कवडसा पाच मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. गोल ठिपका पाच सेंटिमीटरच्या आसपास दिसेल, त्यातून भोकाची रुंदी वजा करा. आरसा ते भिंत हे अंतर ठिपक्याच्या सुमारे १०७ पट भरतं. सूर्याचं अंतरही त्याच्या व्यासाच्या तितकंच पट आहे. १५ कोटी किलोमीटरला १०७ने भागा, १४ लाख येतात. भोक त्रिकोणी केलं तरी ठिपका गोलच पडतो, कारण ते सूर्याचंच चित्र आहे. पत्र्याच्या छपराच्या भोकांतून जमिनीवर पडणारे कवडसे म्हणूनच गोल असतात. आरशाचा झोत कुणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका.

काय अजिबात करू नये?

भिंतीतल्या विजेला हात नाही, दीड व्होल्टचा सेल पुरे, आणि त्याचीही दोन टोकं नुसत्या तारेने जोडायची नाहीत. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. बटण सेल लहानांच्या हाती देऊ नका. पानाचा चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून हळदीच्या प्रयोगात मी साबणच वापरते. प्रेशर कुकरवर प्रयोग नको.

हेच शाळेच्या प्रोजेक्टला दिलं तर चालेल का?

चालावं. आमच्यातल्या एकीने फुग्यांचा तक्ता नेला तर ‘मॉडेल कुठे आहे’ असं विचारलं गेलं आणि बक्षीस बाबांनी रात्रभर जागून केलेल्या थर्माकोलच्या धरणाला गेलं. तिने तक्ता गच्चीच्या दारावर चिकटवला आहे.

असे आणखी प्रयोग कुठे मिळतील?

टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्ता यांचं काम बघा. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून त्यांचं आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचं काम पुढे आलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, आणि विजेच्या मनोऱ्यांत त्रिकोण का असतात ते हातालाच कळतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली. मुंबईत चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे.

आम्ही परदेशात असतो. हे सगळं तिथे जमेल?

हळद, लिंबू, दोरा सगळीकडे तेच. जास्वंद नसेल तर जांभळा कोबी घ्या, रंग जास्तच खुलतात. बिनसावलीचा दिवस मात्र लंडन किंवा न्यू जर्सीत कधीच येत नाही, सूर्य तिथे डोक्यावर येत नाही. पण सावलीचा कोन मोजून तो इथल्या भावंडांना त्याच दिवशी कळवता येतो. मागच्या डिसेंबरात आमच्या गच्चीवर असा एक फोन आला होता. तिकडे ढग होते, म्हणून परत करायचं ठरलं आहे.

पसारा कोण आवरणार?

ज्याने सांडलं तो. हळदीचे हात साबणाने धुतले की आधी लाल होतात, तेव्हा बेसिनपाशी गर्दी होते. फरशीवरचे खडूचे आकडे आम्ही पुसत नाही, पाऊस आला की जातात.